झाकलेली पाच ताटं

आमच्या किनाऱ्यावरच्या गावात नगरपरिषदेने व्यावसायिक जागांचा कर दुप्पट केला आणि करनिरीक्षक सुरवाडे चर्चच्या हॉलवर येऊन धडकले. तिथे दर रविवारी गावातली एकटी म्हातारी माणसं, धर्म न विचारता, जेवायला बसत. नवा कर लागला तर ही पंगत बंदच पडणार होती.

टेबलावर झाकलेली पाच ताटं पाहून सुरवाडे हसले. "फादर, पार्सलही देता? म्हणजे हॉटेलच. व्यावसायिक लिहितो."

स्वयंपाक करणाऱ्या रेमेतबाई पुढे आल्या. "साहेब, गिऱ्हाईक आलं नाही तर हॉटेलवाला त्याच्या ताटाचं काय करतो?"

"दुसऱ्याला वाढतो."

"हे माझ्या मुलाचं, सांतानचं. आखातात दोहाला नोकरीला गेलाय, सात वर्षं झाली. बाकीची चार ह्या जेवायला बसलेल्यांच्या मुलांची. सगळे जेवून उठेपर्यंत आम्ही ती कुणाला देत नाही. न आलेल्याचं ताट जिथे झाकून ठेवतात, त्या जागेला काय म्हणतात ते लिहा."

सुरवाडेंनी 'व्यावसायिक' खोडून 'घरगुती' लिहिलं. जाताना हळूच विचारलं, "येतो म्हणालाय का तो?"

"नाही. पण मघाशी तुम्ही दार वाजवलंत ना, मला वाटलं तोच."