तीन पुकारे

"पण बाबा, यात माझं चुकलं कुठं?"

न्यायाधीश त्र्यंबक निमकर तिसऱ्यांदा हेच विचारत होते. टेकडीवरच्या आंधळ्या लतीफबाबांच्या झोपडीत ते सकाळपासून बसून होते. कोर्टात त्यांनी नुसतं खाकरलं तरी वकील चिडीचूप होत. आणि आज हेच साहेब एका फकिराकडे निर्दोष असल्याचा दाखला मागत होते.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले.

"ठकूबाईचा अर्ज होता. तिच्या भावाला पोलिसांनी चार दिवस डांबून ठेवलं होतं. चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करायला हवं, हा त्याचा हक्क. शिपायानं दारातून तीनदा पुकारा केला. ओ नाही. अर्जदार गैरहजर, अर्ज निकाली. रोजचा शिरस्ता आहे."

"आणि भाऊ?"

"कोठडीतच गेला... दोन दिवसांनी."

निमकरांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. बाबांना ती दिसणार नाही हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी वाचून दाखवली. 'साहेब, मी हजर होते. मी मुकी आहे.' ठकूबाईनं कुणाकडून तरी लिहून घेतली होती.

"ओ तोंडानंच द्यायची, असं कायद्यात लिहिलंय?"

"नाही. अर्जदार हजर हवा, एवढंच."

"मग तोंड कुणी घातलं त्यात?"

निमकरांनी चिठ्ठीची घडी घातली.

"मी... अर्थ लावणं माझंच काम."

बाबांनी भाकरीची टोपली जवळ ओढली. मग म्हणाले, "जेवून जा. पण जेवण होईतो मौन पाळायचं. एक अक्षर नाही."

बाबांची वाढायची एक रीत होती. दिसत नसल्यामुळे ते एकेकाचं नाव घेत. ओ आली की त्या दिशेला हात जाई आणि भाकरी ताटात पडे.

"हसन!"

"जी, बाबा." शिष्याला भाकरी मिळाली.

"त्र्यंबक!"

निमकरांनी तोंड उघडलं, मौन आठवलं आणि मिटलं. त्यांनी हात वर केला.

"त्र्यंबक!"

त्यांनी हात आणखी उंच केला, वेड्यासारखा हलवला. हसन बोलायला गेला, तर बाबांनी तळवा दाखवून त्याला गप्प केलं.

"त्र्यंबक!"

...

"नाही वाटतं आला," म्हणत बाबांनी टोपली झाकली.

निमकरांचा हात तसाच वर राहिला. त्यांना कोर्टाच्या दाराशी उभी ठकूबाई आठवली. हिरवं लुगडं, वर केलेला हात. त्या दिवशीही ती त्यांना दिसली होती. कुणाला तरी खुणावत असेल, असं म्हणून त्यांनी पुढचं प्रकरण हाती घेतलं होतं.

मौनबिन सगळं विसरून ते ढसाढसा रडू लागले.

"बाबा, मी इथंच होतो हो! हात वर करून बसलो होतो... तुम्ही बघितलंच नाही!"

बाबांनी चाचपडत त्यांचा चेहरा शोधला आणि ओल्या गालांवरून हात फिरवला.

"मी तर आंधळा आहे रे, पोरा."