मठातल्या कुत्रीचं बाळंतपण

सन १९५३. कडेगव्हाणात पिठाची पहिली गिरणी आली, त्या वर्षाची ही गोष्ट. गावाबाहेरच्या चिंचबनातल्या दत्तमठात चिंचबनाचे महाराज राहत असत. महाराज दयेचा सागर खरे, पण बोलायला फटकळ. लोक अंगारा मागायला येत आणि अंगाऱ्यासोबत चार शब्द ऐकून जात. मठाचं अंगण झाडायला तुळसाबाई होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. महाराजांचा शब्द तिला प्रमाण.

त्या मार्गशीर्षात मठामागे कडब्याच्या गंजीच्या आडोशाला चंद्री कुत्री व्याली, आणि गावाला उधाण आलं. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात, ते चार वेद, हे सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यात मठातली कुत्री दत्तजयंतीच्या तोंडावर व्यालेली. बाया हळदीकुंकवाची कोयरी घेऊन निघाल्या. कुणाला चंद्रीची ओटी भरायची होती, कुणाला पिल्लू उचलून लेकराच्या डोक्याला लावायचं होतं.

महाराजांनी कपाळाला हात लावला.

"अरे, ती बाळंतीण आहे. तुमच्या घरी बाळंतिणीच्या खोलीत परकी माणसं शिरून मूल उचलायला लागली, तर तुम्ही त्यांची आरती कराल का?"

त्यांनी तुळसाबाईकडून गंजीभोवती बाभळीच्या फांद्या लावून घेतल्या आणि तिला बजावलं, "पिल्लं हिंडायला लागेपर्यंत इथं कुणी यायचं नाही. कुत्रं खात असलं, झोपलं असलं, पिल्लांपाशी असलं, की त्याला हात लावायचा नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही. हात खाली सोडून गप उभं राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. आणि त्याच्यावर काठी तर उगारायचीच नाही. सगळ्यांना सांग."

"माझं कोण ऐकतंय, म्हाराज?"

"माझंही कुणी ऐकत नाही. दोघं मिळून सांगू."

तुळसाबाई सांगून सांगून थकली. "लांबूनच बघते गं," म्हणत एक जण येई आणि बोलता बोलता फांदीवरून हात आत घाली. दुसरी म्हणे, "आमच्या हातचं ती खाते, आम्हाला नाही चावायची." एकीला घालवावं तर मागच्या बाजूने दोघी आलेल्या असत. चंद्री गुरगुरली की त्या कौतुकाने म्हणत, "बघा, आशीर्वाद देती." तुळसाबाईला वाटे, या बायांना कुत्र्याचं गुरगुरणं कळत नाही की माणसाचं बोलणं?

सगळ्यांत मोठी डोकेदुखी होती मठाचे कारभारी आबासाहेब नाडगौडा यांची. जरीकाठाचा फेटा, हातात चांदीच्या मुठीची काठी. येता जाता ते मोठ्याने म्हणत, "कुत्रीला सोवळ्यात बसवलंय आणि तुळशीला केलंय पुजारी. आता दर्शनाला हिची परवानगी काढायची." लोक हसत. तुळसाबाई मान खाली घालून खराटा चालवी.

दत्तजयंतीला नदीपल्याडच्या शिरगोळीच्या लोकांनी महाराजांना पादुकापूजेसाठी बोलावून नेलं. जाताना महाराज इतकंच म्हणाले, "तुळसाबाई, गंजीकडे लक्ष असू दे."

दुपारी आबासाहेब नातीला घेऊन आले. शकू पाच वर्षांची, खणाचा परकर, गळ्यात पुतळ्या. पोर सारखी आजारी पडायची, म्हणून आजोबांनी ठरवलं होतं, जन्मोत्सवाच्या दिवशी तिच्या हातून चंद्रीला पेढा भरवायचा.

"आबासाहेब, पाया पडते," तुळसाबाई आडवी आली. "लेकराला आत न्हेऊ नगा. म्हाराजांनी—"

"महाराज मला ओळखतात. बाजूला हो."

त्यांनी काठीने फांदी सारली आणि पोरीच्या तळहातावर पेढा ठेवून तिला पुढे केलं. चंद्री उठली. कान मागे गेले, ओठ वर गेले, अंगावरचे केस उभे राहिले.

"शकू बाळा, हलू नगंस," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाली. "हात खाली सोड. पायाकडं बघ. झाड हाईस तू, झाड."

पोरीने हात खाली सोडला, पेढा मातीत पडला. शहाणी पोर, जागची हलली नाही. चंद्री दोन पावलं मागेही सरली. सारं निभावलं असतं. पण आबासाहेबांना गुरगुरणं सहन झालं नाही. त्यांनी काठी उचलली आणि कुत्रीच्या पाठीत घातली.

चंद्रीने झेप घेतली आणि शकूचं मनगट तोंडात धरलं. दात मिटलेले तुळसाबाईने आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्या काळी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेलं माणूस पाण्याला भिऊन तडफडत गेलेलं तिने पाहिलं होतं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "म्हाराज, लेकरू तुमचं."

चंद्रीचा जबडा सुटला. ती मागे फिरून पिल्लांना कुशीत घेऊन बसली. तुळसाबाईने पोरीला बाहेर ओढलं, हात उलटासुलटा करून पाहिला. मनगट लाळेने ओलं होतं. दात तर सोडाच, साधा ओरखडा नव्हता.

त्याच वेळी शिरगोळीत महाराज पानावर बसले होते. घास उचलता उचलता त्यांच्या मनगटातून रक्ताची धार लागली. मंडळी घाबरली. कुणी हळद आणली, कुणी चुना, कुणी तिखट. महाराज कडाडले, "ते सगळं घेऊन जा. साबण आणा." विहिरीच्या पाटाच्या धारेखाली हात धरून ते इतका वेळ जखम धूत बसले, की रहाट ओढणारे दमले.

दिवेलागणीला बैलगाडी मठात आली. महाराजांच्या मनगटावर दातांच्या खुणा दिसल्या आणि आबासाहेबांना तो मिटलेला जबडा आठवला. फेटा काढून त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझ्या नातीचा चावा तुम्ही अंगावर घेतला, महाराज. आता अंगारा लावा, म्हणजे—"

"आबासाहेब," महाराज वैतागून म्हणाले, "अंगारा कपाळाला लावायचा असतो. चावलेल्याने दवाखान्यात जायचं असतं. तुम्ही गाडी जुंपा. पोरीचा हात साबणाने धुवा आणि तिलाही डॉक्टरला दाखवा. आणि पाया पडायचं असेल तर ती तिकडे उभी आहे."

आबासाहेब वळले आणि सगळ्यांदेखत तुळसाबाईसमोर वाकले. तुळसाबाई इतकी अवघडली, की तिने खराटा पाठीमागे लपवला.

महाराजांनी तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभं राहून पोटात सुया घेतल्या, एकही न चुकवता. डॉक्टर संकोचाने म्हणाले, "आपल्याला याची काय गरज?" महाराज म्हणाले, "मी नाही घेतल्या तर उद्या हे गावही घेणार नाही." सुई टोचली की ते चक्क कण्हत. त्यानंतर कडेगव्हाणात कुत्रं चावलं की लोक भगताकडे जायचं थांबले.

चंद्री मठातच म्हातारी होऊन गेली. तिची पिल्लं चार वस्त्यांवर राखणीला गेली. आबासाहेबांनी काठी पुन्हा हातात धरली नाही. पुढे मठात कुत्री व्याली की ते स्वतः कुंपणापाशी बसत आणि बायांना सांगून सांगून वैतागत. तुळसाबाई महाराजांच्या आधी एक वर्ष गेली. तिला खांदा आबासाहेबांनी दिला. महाराजांनी चिंचबनातच देह ठेवला, तेव्हा त्यांच्या मनगटावर दातांचे वण तसेच होते.

शकू आता सांगलीला असते, नातवंडांची आजी आहे. मुलं हट्टाने चावल्याची खूण बघायला मागतात. ती बाही वर करून मनगट पुढे धरते. तिथे काहीच नाही.