द्वारकाबाईंची तीनशे भांडी

एकदा एका गावात द्वारकाबाई नावाची एक विधवा राहत असे. तिचे यजमान भिकुशेट तेलाचे व्यापारी होते. त्यांनी हयातभर दोनच गोष्टी मनापासून केल्या: सचोटीने तेल विकले आणि हौसेने भांडी घेतली. प्रत्येक भांड्यावर ते आपले नाव घालून घेत. शेट गेल्याला नऊ वर्षे झाली होती, परंतु भांडी होती तशीच होती. किंबहुना ती वाढली होती, कारण द्वारकाबाईंना आलेला कोणताही आहेर परक्या घरी जाऊ देणे जमत नसे; त्यावरही त्या शेटचेच नाव घालून घेत. माजघराशेजारची खोली तळापासून आढ्यापर्यंत भरली होती. भांड्यांच्या जोडीला तेथे अकरा मोडक्या छत्र्या आणि कोणत्याही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांची एक थैलीही होती.

ही सारी व्यवस्था अशीच चालली असती. परंतु मंजुळेचा, म्हणजे द्वारकाबाईंच्या एकुलत्या एका लेकीचा, निरोप आला. तिला तिसरा महिना लागला होता आणि सातव्यात बाळंतपणासाठी माहेरी यायचे होते. निरोप स्पष्ट होता : "आई, मागे आले होते तेव्हा त्या खोलीत कूस बदलायची तर आधी परातीला विचारावं लागायचं. खोली मोकळी केलीस तर येते. नाहीतर सासरीच बाळंत होते."

द्वारकाबाई रडत गावाबाहेरच्या आश्रमात गेल्या. तेथील वृद्ध गुरूंनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि आपल्या शिष्याला सांगितले, "यांना मदत कर."

शिष्य तरुण होता, विद्वान होता, आणि आपल्या मालकीचे या जगात एक धोतरजोडी व एक पंचा एवढेच आहे हे भेटणाऱ्या प्रत्येकास पहिल्या पाच वाक्यांत सांगत असे. अपरिग्रह या विषयावर तो दोन प्रहर न थांबता बोलू शके. त्यामुळे ही कामगिरी त्याला आपल्या योग्यतेच्या मानाने किरकोळच वाटली.

"हे घंगाळ कशाला ठेवलंय, मावशी?" त्याने खोलीच्या दारातून विचारले. आत जाण्यास जागा नव्हती.

"लागतं."

"शेवटचं कधी लागलं होतं?"

"अजून नाही लागलं. पण लागेल तेव्हा कुठून आणायचं?"

"आणि ही अकरावी छत्री?"

"पहिल्या दहा मोडक्या आहेत ना!"

"पण हीसुद्धा मोडकीच आहे."

"मग मोडक्यांत नको का ठेवायला? पंडित, तुम्ही शिकलेले, पण संसार नाही केलात."

तेव्हा शिष्याने वाद सोडून कृतीचा मार्ग धरला. द्वारकाबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेल्या. जाताना "तुम्हाला योग्य दिसेल ते करा" असे त्या सहज बोलून गेल्या आणि शिष्याने ते वाक्य अक्षरशः घेतले. त्याने बैलगाडी आणली, भांडी मोजली (ती तीनशे चार भरली) आणि सूर्य मावळण्याच्या आत सारी गावभर वाटून टाकली. कोणी काही विचारू लागले की तो "ठेवा, ठेवा" म्हणे आणि गाडी पुढे हाके. सायंकाळी त्या मोकळ्या खोलीत उभे राहून त्याने आपलाच आवाज घुमवून पाहिला. आवाज उत्तम घुमला.

द्वारकाबाई परतल्या त्या सकाळी पहिली हाक शेजारच्या भागूअक्कांची आली. "द्वारकाबाई, तुमचं पातेलं आलं होतं हो आमच्याकडे चुकून. शेटचं नाव आहे त्यावर. दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात कसं ठेवायचं?" पातेले त्यांनी अर्थातच रिकामे आणले नव्हते, कारण शेजारचे भांडे रिकामे परत करण्याइतके ते गाव बिघडलेले नव्हते. पातेल्यात चिवडा होता. त्यांच्यामागून परात आली, तीत कोथिंबिरीच्या वड्या होत्या. कळशीत तूरडाळ आली. ज्यांच्या घरी त्या दिवशी काहीच नव्हते त्यांनी निदान मूठभर साखर घातली. दुपारपर्यंत रांग कोपऱ्यावरच्या पारापाशी पोचली.

एवढ्यावर भागते तरी बरे होते. परंतु या धांदलीत अनेकांना आठवले की द्वारकाबाईंची जुनी भांडीही आपल्याकडे राहून गेली आहेत. वर्षानुवर्षांचा संकोच त्यांनी त्या एका दिवसात धुऊन काढला. सायंकाळी शिष्याने पुन्हा मोजणी केली. भांडी तीनशे एकवीस होती आणि सगळी भरलेली होती.

द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत असा आनंद दिसला नव्हता. "बघितलंत? म्हणत होते ना, लागतात! आता एवढा फराळ ठेवायला अजून चार डबे नकोत का?" मग त्यांची नजर खोलीच्या दाराकडे गेली, आणि दार पुन्हा बंद होत नाही हे पाहून त्या उंबऱ्यावरच बसल्या. "मंजुळा येत नाही आता," त्या हळूच म्हणाल्या.

शिष्य मान खाली घालून आश्रमात परतला. जाताना द्वारकाबाईंनी त्याच्या हाती चिवड्याची पुडी दिली होती. गुरूंनी सारा वृत्तांत शांतपणे ऐकला, पुडी सोडली आणि म्हणाले, "चिवडा उत्तम आहे."

दुसऱ्या दिवशी गुरू स्वतः आले. त्यांच्याबरोबर सखोबा होते, भांड्यांवर नावे घालणारे एक म्हातारे कारागीर. त्यांचा हात इतका सावकाश चाले की गावात नाव घालायचे झाल्यास लोक त्यांना टाळून बाजारातल्या तरुणाकडे जात. गुरूंनी सखोबांना ओसरीवर घोंगडी घालून दिली आणि म्हणाले, "बाई, यातलं कोणतंही एक भांडं आणा. एकच."

द्वारकाबाईंनी बराच शोध घेऊन सर्वांत लहान, कड पिचलेली वाटी आणली. शिष्याला वाटले, गुरू ही नाकारतील. गुरूंनी एवढेच विचारले, "ही कोणाला?"

"कोणाला म्हणजे?"

"नाव घालायचं आहे. कोणाचं?"

सकाळ सरली. सखोबा छिन्नीला धार लावीत बसले. अखेर द्वारकाबाई म्हणाल्या, "भागूअक्काच्या नातवाचं उष्टावण आहे. चांदीची काही तिला जमायची नाही."

ठक, ठक, ठक. शेटच्या जुन्या नावाला धक्का न लावता सखोबांनी त्याच्या पुढे "यांजकडून" आणि खाली "भागूअक्कांच्या नातवास" एवढे घातले. तेवढ्यासाठी त्यांना पाऊण प्रहर लागला. द्वारकाबाई तो सारा वेळ समोर बसून होत्या. काम झाल्यावर त्यांनी अक्षरांवरून एकदा बोट फिरवले, वाटीत साखर घातली आणि स्वतः उठून ती देऊन आल्या.

शिष्य सूर्यास्तापर्यंत दारात उभा राहून वाटीची वाट पाहत होता. वाटी परत आली नाही.

"पण गुरुदेव," परतीच्या वाटेवर तो न राहवून म्हणाला, "रोज एक म्हणजे सव्वातीनशे दिवस. हाती शंभर-सव्वाशे आहेत. निदान कारागीर तरी चपळ आणायचा!"

"तुझा हिशोब बरोबर आहे," गुरू म्हणाले. "भांडी नेलीस तेही बरोबर होतं. फक्त ती आता कोणाची, हे तू कोणालाच सांगितलं नाहीस. जुन्या धन्याचं नाव असलेली वस्तू प्रामाणिक माणसं जुन्या धन्याकडेच आणणार. आणि बाईचं म्हणशील तर तिला भांडी सांभाळायची नाहीत. नवऱ्याचं नाव तिला उंबऱ्याबाहेर टाकता येत नाही. तू एका दिवसात तिला तीनशे चार वेळा त्याचा निरोप घ्यायला लावलास, तोही ती घरात नसताना. आता ते नाव उंबऱ्याबाहेर जातं आहे, पण टाकलं जात नाही. एक नाव घालायला सखोबांना जितका वेळ लागतो, तितकाच एक वस्तू हातातून सुटायला लागतो. म्हणून सखोबा."

दुसऱ्या दिवशी सखोबांची घोंगडी शिष्याने स्वतः घातली.

पहिला महिना रोज एकच भांडे गेले. दुसऱ्या महिन्यात द्वारकाबाई सखोबांना दटावू लागल्या, "आज दोन घाला की! छिन्नी झोपली काय तुमची?" तिसऱ्यात त्यांनी बाजारातल्या तरुणालाही बोलावले. गावातल्या पंगतींत शेटचे नाव हातोहात फिरू लागले, आणि भेटणारा प्रत्येक जण द्वारकाबाईंना शेटची एखादी आठवण सांगू लागला. त्यांतल्या निम्म्या त्यांना ठाऊकच नव्हत्या. छत्र्यांवर नाव घालता येत नाही असे सखोबांनी सांगितल्यावर, "मग जाऊ देत तशाच," म्हणून त्यांनी त्या किल्ल्यांच्या थैलीसह स्वतः भंगारवाल्याच्या गाडीवर टाकल्या. शेवटचा एक तांब्या उरला, तो त्यांनी शिष्यापुढे धरला. त्यावर त्याचे नाव होते.

"मावशी, मी अपरिग्रही आहे. मजपाशी एक धोतरजोडी व..."

"ठाऊक आहे. परत करायचा असेल तर खुशाल करा. पण रिकामा आणू नका हं!"

शिष्याने तांब्या मुकाट्याने घेतला.

सातव्या महिन्यात मंजुळेची गाडी दारात आली. तिच्यामागे दुसरी गाडी होती. तीत भांड्यांनी भरलेले सात पेटारे होते.

"सासूबाईंनी दिलेत," मंजुळा कसनुसे हसत म्हणाली. "म्हणाल्या, लागतील."

द्वारकाबाईंनी त्या पेटाऱ्यांकडे बराच वेळ पाहिले. त्यांची बोटे एका कडीपर्यंत गेली. शिष्य ओसरीवर उभा राहून पाहत होता. मग त्यांनी हात मागे घेऊन लेकीच्या खांद्यावर ठेवला.

"तू आधी आत चल. पेटारे राहू देत ओसरीवर. पंडित, जाता जाता सखोबांना निरोप द्या. रोज एक बघू."

मंजुळा खोलीत गेली. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर ती आडवी झाली, आणि कोणालाही न विचारता एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळली.