लिंबू-मिरचीची तार

फार फार मागची गोष्ट आहे. पण इतकीही मागची नाही, की तेव्हा ट्रॅक्टर नव्हते. ट्रॅक्टर होते आणि बैलही अजून बोलत होते. ऐकणारी माणसं मात्र तेव्हाही थोडीच होती.

हळद पिकवणारं एक गाव होतं. त्या गावातल्या एका घरात एक छोटा, तांबडा ट्रॅक्टर होता. उंचीला म्हशीएवढा, पण कामाला खमका. त्याच्या पाठीशी दोन लोखंडी हात होते. ते जड अवजार उचलायचे आणि हवं तिथे अलगद खाली ठेवायचे. त्या हातांना बळ मिळायचं तेलाच्या दाबाचं, आणि ते तेल यायचं सीटखालून गेलेल्या एका जाड, काळ्या रबरी पाइपातून.

घरच्या बाईचा, म्हणजे आपल्या गोष्टीतल्या सासूचा, त्या ट्रॅक्टरवर फार जीव. सकाळी चहाआधी ती त्याच्या बॉनेटवरून हात फिरवायची. आपल्यावरून असा हात फिरल्याचं तिच्या मुलाला काही आठवत नव्हतं, पण त्याची तक्रारही नव्हती.

त्या गावात एक समजूत होती. नजर समोरून लागत नाही, मागून लागते. समोरून येणारा माणूस राम राम म्हणतो. बघत राहतो तो आपली पाठ फिरल्यावर. म्हणून तिथे लिंबू-मिरची गाडीच्या तोंडाशी नाही, पाठीशी बांधत. या ट्रॅक्टरच्या पाठीशी बांधायला सासूला सोयीची वाटायची ती जागा एकच, तो रबरी पाइप. सासू तिथे दर शनिवारी काळ्या दोऱ्याने लिंबू बांधायची. वर्षं गेली. पाइपाला काही झालं नाही.

मग घरात लग्न निघालं. वरात ट्रॅक्टरवरून काढायचं ठरलं. एवढा गाव बघणार, दोरा तुटला तर काय घ्या, म्हणून सासूने त्या दिवशी दोरा सोडून तार घेतली आणि पक्कड घेऊन घट्ट पिळली.

त्या ट्रॅक्टरवर बसून नवी सून घरात आली. ती कमी बोलायची. कमी बोलणाऱ्यांना बघायला वेळ पुष्कळ मिळतो.

सुनेच्या पायातली जोडवी अजून टोचत होती, तेवढ्यात हळदीच्या लागणीचे दिवस आले. नवरा वाफे पाडायला ट्रॅक्टर घेऊन शेतात गेला, आणि अर्ध्या रानात पाइप फुटला. तेलाची चिळकांडी उडाली, लोखंडी हात गळाले, अवजार सरीत रुतून बसलं.

बाजाराच्या गावाहून बाबालाल मिस्त्री आला. त्याची कामाची रीत नेटकी होती. त्याने अवजार जमिनीला टेकलंय ना ते बघितलं, इंजिन बंद ठेवून लोखंडी हातांचा दांडा वरखाली केला, उरलेला दाब मोकळा केला. नटांना दोन पाने लावून फुटका पाइप सोडवला, उघड्या तोंडांत स्वच्छ फडकं कोंबलं, म्हणजे माती आत जायला नको. नवा पाइप जोडला, तेल भरलं, लोखंडी हात पुन्हा पुन्हा वर-खाली करून आतली हवा काढली. काम चोख झालं.

सासूने जुनी तार स्वतःच्या हाताने कापली आणि सुकलेल्या लिंबासकट कालव्यात सोडली. मग नव्या पाइपाला नवं लिंबू बांधलं. या वेळी तार दुहेरी.

तो पाइप पहिल्याहून लवकर फुटला.

आता शेजारची काकू साखर मागायला आली. साखर घेऊन ती दारातच थांबली आणि म्हणाली, की आपण बाई कुणाला बोलत नाही, पण वरातीपर्यंत ट्रॅक्टर ठणठणीत होता हे तर सगळ्यांनीच पाहिलंय. पायगुण म्हणून काही असतंच की. एवढं बोलून ती गेली. साखरेची वाटी तिने आजतागायत परत केलेली नाही.

सासू वाईट बाई नव्हती. पण घरात हळदीचं बेणं कोंब धरून बसलं होतं आणि रान अर्धं पडलं होतं. तिने सुनेला जवळ बसवलं.

"हे बघ, राग नाही माझा," ती म्हणाली. "पण पुन्हा पाइप फुटला, तर तू थोडे दिवस माहेरी जाऊन राहा. लागण उरकली की आणू तुला. तोवर त्या यंत्राच्या वाऱ्याला उभी राहू नकोस."

सुनेला थोडे दिवस म्हणजे काय ते ठाऊक होतं. पायगुणाचा ठपका घेऊन गेलेली सून परत येते तेव्हा तिच्याआधी तो ठपका घरात येऊन बसलेला असतो. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाण्याच्या तांब्याकडे पाहत होता.

"बरं, आत्या," ती म्हणाली, आणि शेण काढायला गोठ्यात गेली. गोठ्यात जायला तिला कुणी मनाई केली नव्हती. तिथे नजर लागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गोठ्यात घरचा म्हातारा बैल बसला होता. ट्रॅक्टर आल्यापासून तो रवंथ करायचा आणि मतं मांडायचा.

"तुझ्यामुळे फुटला म्हणतात," बैल म्हणाला.

"म्हणतात खरं."

"माझ्या मानेलाही दरवर्षी जखम व्हायची. नजर लागली म्हणायचे आणि बेंदराला, आम्हा बैलांच्या सणाला, आणखी एक कवड्यांची माळ चढवायचे. माळ चढली की जखम वाढायची. जखम वाढली की माळ."

"मग बरी कशी झाली?"

"मी म्हातारा झालो. माझी माळ काढून त्या तांबड्याच्या तोंडावर घातली. जखम आपोआप भरली. माझी नजर त्याला गेली असं तुझी सासू सांगते. मला काय, कुठेही जाऊ दे."

सुनेने शेणाची पाटी खाली ठेवली. मग तिने त्याच्या मानेवरचं कातडं हाताने चाचपलं. मानेभोवती बोटभर रुंद, गुळगुळीत पट्टा होता. तिथे केस पुन्हा उगवलेच नव्हते.

त्या घरात काही फेकून द्यायची पद्धत नव्हती. दोन्ही फुटके पाइप गोठ्यातल्याच खुंटीवर लटकत होते. तिने ते काढले, पदराने पुसले आणि उजेडात शेजारी शेजारी ठेवले. तोंडाला तोंड जुळवलं. दोन्ही पाइप एकाच जागी फाटले होते. फाटलेल्या जागी रबरात गोल वळ उठला होता. एकावर एक, दुसऱ्यावर दोन.

"नजर फार मापात लागली म्हणायची," ती बैलाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाबालाल नवा पाइप घेऊन आला. त्याचं काम होईपर्यंत सासू शेजारी उभी होती. तिच्या एका हातात लिंबू-मिरची होती आणि दुसऱ्या हातात कुंपणाची जाड तार. या वेळी ती तीन वेढे घालणार होती. अंगणात नवरा होता, भिंतीपलीकडे काकू होती. सून पुढे आली तशी सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. यंत्राच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही असं सांगितलं होतं.

सून यंत्राच्या वाऱ्यालाच उभी राहिली. तिने दोन्ही जुने पाइप सासूच्या पायाशी ठेवले, तोंडाला तोंड लावून.

"आत्या, मी माहेरी जाईन," ती म्हणाली. "पण तार बांधण्याआधी हे दोन एकदा बघा. मी आले तेव्हा पहिला फुटला, हे खरं आहे. मी आले त्याच दिवशी दोरा गेला आणि तार आली, हेही खरं आहे. आता या दोन्हींतलं पाइपाला कोण लागून होतं, ते तुम्हीच सांगा."

भिंतीपलीकडची काकूसुद्धा गप्प होती, आणि हे त्या गावात पहिल्यांदाच घडत होतं.

सासूने बाबालालकडे पाहिलं. बाबालालने पाना खाली ठेवला.

"बाई बरोबर बोलतात," तो म्हणाला. "तेल दाबाने आलं की पाइप फुगतो, दाब गेला की बसतो. तार फुगत नाही. ती दर वेळी थोडी आत रुतते."

"मग आधी का नाही बोललास?"

"आम्ही यंत्राला पाना लावतो, वहिनी. लोकांच्या श्रद्धेला नाही लावत."

सासू खाली वाकली. तिने एका वळावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. मग ती गोठ्याकडे गेली. बैलाच्या मानेभोवतीच्या त्या गुळगुळीत पट्ट्यावर तिचा हात बराच वेळ राहिला. बैलाला त्या वेळी पुष्कळ बोलता आलं असतं. पण तो बोलला नाही. बैलांना कुठे गप्प बसावं ते कळतं.

परत आली तेव्हा तिच्या हातात तार नव्हती.

"लिंबू कुठे बांधू मग?" तिने सुनेला विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं. सांगितलं नाही.

"बांधा की, आत्या, मागेच बांधा. फक्त नंबरच्या पाटीखाली, पूर्वीसारख्या काळ्या दोऱ्याने. लटकू दे त्याला मोकळं."

त्याच दिवशी ट्रॅक्टर रानात गेला आणि वाफे पुरे करूनच घरी आला. कोंब धरलेलं बेणं वेळेत मातीत पडलं. तो तिसरा पाइप पुढे इतका टिकला, की एकदा बाबालाल स्वतःच चौकशीला आला, ट्रॅक्टर विकला की काय म्हणून. काकूने मात्र गावाला सांगितलं, की सून चांगल्या पायगुणाची आहे हे तिने वरातीतच ओळखलं होतं.

सून माहेरी गेली, पण नागपंचमीला गेली, सगळ्या सुना जातात तशी. निघताना सासूने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बॉनेटवरून फिरवायची तसाच. आणि पंचमी उलटताच तिला आणायला सासू स्वतः त्या तांबड्या ट्रॅक्टरवर बसून गेली.

बोध एवढाच: जपण्यासाठी बांधलेलं काही त्याच जागी रुतत तर नाही ना, हे आधी पाहावं; दोष कुणाला द्यायचा ते मग ठरवावं.