थांबगुरुजींचा दगड

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आमच्या बोरवंडात एक गुरुजी आले. त्यांचं खरं नाव मला विचारू नका, ते गावाने कधीच गिळून टाकलं. राहिलं ते टोपणनाव, थांबगुरुजी.

त्यांच्याआधी चावडीच्या पडवीत जे पंतोजी शिकवायचे, त्यांची पोरं घडाघडा वाचायची. गावाला कोण कौतुक. पुस्तक उलटं धरलं तरी तितकंच घडाघडा वाचायची, हे मात्र कुणी मनावर घेतलं नाही. छडीच्या धाकाने सगळं तोंडपाठ. अक्षराशी कुणाचं काही देणंघेणं नव्हतं.

नव्या गुरुजींनी आल्या आल्या छडी चुलीत घातली. पोराच्या हाती पुस्तक द्यायचं, त्याचं बोट अक्षराखाली ठेवायचं आणि थांबायचं, ही त्यांची रीत. पोर अडलं तरी शब्द सांगायचा नाही, आणि दुसऱ्यालाही सांगू द्यायचा नाही. म्हणायचे, "सांगितलेला शब्द पाहुणा असतो, जेवतो आणि जातो. आपला आपण वाचलेला घरात राहतो." असं म्हणतात, एकदा एका पोराला इतका वेळ लागला की चिमणीने गुरुजींच्या पागोट्यात घरटं बांधलं, तरी त्यांनी मान हलवली नाही. पण पोराने शब्द वाचला. मग तो जो सुटला, तो देवळाच्या पायरीवरची कोरलेली अक्षरंसुद्धा वाचत सुटला.

गावाला हे कुठून रुचणार? आधीची पोरं कशी पाण्यासारखी वाचायची, आणि ही बघा, बोट ठेवून बसलीत म्हशीसारखी. पारावर दुसरा विषय नव्हता.

हणमा बुरुडाची एक पोर होती, ठकू. बापाबरोबर टोपल्या पोचवायला यायची आणि पडवीशी रेंगाळायची. मुलीला, त्यातून बुरुडाच्या, तेव्हा शाळेत कोण बसवतंय? गुरुजींनी बसवलं. पोर बुजरी. अक्षरं एकेक करून ओळखू लागली, पण अख्खा शब्द काही जुळेना. गुरुजी रोज तिच्यापाशी थांबायचे. हणमाला म्हणायचे, "एक शब्द, हणमा. एक शब्द तिचा तिने वाचू दे. मग तिला कुणी अडवू शकायचं नाही."

अशात दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. शाळा चालू ठेवायची की बंद करायची, ते त्यांच्या हातात. अख्खा गाव पडवीत जमला. रंभाजी पाटील नवं पागोटं बांधून सगळ्यांच्या पुढे. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि बोट केलं ते नेमकं ठकूकडे. शब्द होता टोपली. जन्मल्यापासून जी तिने पाहिली, जिच्या बांबूच्या कामट्यांनी तिची बोटं चिरली, ती टोपली.

ठकूने बोट ठेवलं. "टो," म्हणाली आणि अडली. साहेबांनी घड्याळ काढलं. गुरुजींनी हात जोडले, म्हणाले, "थोडं थांबा." असं म्हणतात, तेव्हा अंगणातल्या निंबाची सावली जागची हलली नाही, आणि पाटलाचा बैल घास तोंडात धरून उभा राहिला.

"प," ठकू म्हणाली. आणि तिने वर मान करून कोपऱ्यात ठेवलेल्या बापाच्या टोपलीकडे पाहिलं. जमलं होतं तिला. ओठ उघडलेच होते.

"टोपली!" पाटील ओरडला.

गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. साहेबांनी मान डोलावली, शाळा कायम झाली. ठकूने पुस्तक मिटलं.

"पाटील, तो शब्द तिचा होता," गुरुजी म्हणाले.

"अहो, पोर अडली होती. मी गावाची अब्रू राखली, आणि तुम्ही वर मलाच बोलता?"

मला अजून त्या मेल्याचा राग येतो. आणि खरं दुखणं असं की माणूस वाईट नव्हता. मदतच करायला गेला होता.

ठकू पुन्हा शाळेत आली नाही. गुरुजी पुस्तक घेऊन बुरूड आळीत गेले आणि हणमाच्या दारासमोर बसले. "मी थांबतो," एवढंच म्हणाले. ठकू आत कामट्या सोलत राहिली. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, त्यांच्या अंगावर शेवाळ चढलं. असं म्हणतात, बसल्या जागीच गुरुजींचा दगड झाला. ठकूने जन्मभर टोपल्या विकल्या, पण तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. "हे घ्या," म्हणायची आणि पुढे करायची.

आता त्या दगडाला शेंदूर आहे. दरसाल तिथे थांबगुरुजींची जत्रा भरते. शाळेतली पोरं ओळीने उभी राहून अख्खा धडा तोंडपाठ म्हणतात, आणि जो सगळ्यांत वेगाने म्हणेल त्याला नारळ. एखादं लेकरू अडलंच, तर सगळा गाव एका सुरात शब्द ओरडतो आणि टाळ्या पिटतो. थांबगुरुजींच्या नावाने आम्ही कुणालाच थांबू देत नाही.

बुरूड आळीतल्या बायका तेवढ्या जत्रेच्या कडेला टोपल्या मांडून बसतात. त्या दिवशी मालाचं नाव घेऊन हाळी द्यायची नाही, ही त्यांची रीत. गिऱ्हाईक पुढ्यात येऊन काय हवं ते आपल्या तोंडाने सांगेपर्यंत त्या गप्प बसून राहतात. लोक म्हणतात, बायका घमेंडी आहेत.