तुरुंगातली हळद

वाकळे महाराज धामणगडला आले तेव्हा गावाबाहेरच्या चिंचेखाली उतरले होते. अंगावर एक जुनी वाकळ आणि हातात करवंटी, एवढाच त्यांचा संसार! आदल्याच आठवड्यात शेजारच्या गावी दरोडा पडला होता. हवालदाराने दरडावून विचारलं, "नाव काय तुझं?" महाराज म्हणाले, "लोक ज्या नावाने हाक मारतात त्याला ओ देतो." झालं! नाव सांगत नाही म्हणजे दरोडेखोरांचा हेर, असं ठरवून त्याने महाराजांना थेट गडावरच्या तुरुंगात नेऊन टाकलं. आमचे महाराज गेले कसे म्हणाल, तर माहेरी निघाल्यासारखे!

तुरुंगाचे जेलर रंगराव घोसाळकर. माणूस लाच खाणारा नव्हे, हे आधी सांगतो. पण संशयी किती असावं माणसाने? घरी बायकोने दिलेलं दूधही हुंगून प्यायचे. कुलूप लावलं की ओढून बघायचे आणि चार पावलं जाऊन पुन्हा ओढायला मागे यायचे. किल्ल्या, हत्यारं, दिव्याचं तेल, सगळ्याच्या जागा रोज बदलायचे, कारण पहारेकऱ्यांवरही त्यांचा भरवसा नव्हता. कैद्यांमध्ये जो दुसऱ्याची चहाडी करील त्याला वर एक भाकरी मिळायची.

त्या एका भाकरीने काय केलं होतं ते ऐका. तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. जेवताना प्रत्येकजण ताटलीभोवती हात धरून बसे. निजताना भिंतीला पाठ लावून निजत. आपल्याबद्दल कोण काय सांगून आला असेल, याच विचारात दिवस उजाडायचा आणि मावळायचा. काम सगळ्यांना एकच, ज्वारी दळायची. जाती मोठी, समोरासमोर दोघं बसल्याशिवाय फिरत नसत. खुंटा दोघांनी मिळून धरायचा, पण समोरच्याच्या तोंडाकडे म्हणून बघायचं नाही!

महाराज आले तेव्हा कैद्यांनी डोळे बारीक केले. "बुवा कसला, सायबाचा माणूस आहे," असं एकजण पुटपुटला आणि सगळ्यांना ते पटलं. त्यांच्या समोर बसायला कुणी तयार होईना. शेवटी सुभाना बसला. हा सुभाना धनगर सरकारी रानातलं झाड तोडल्याबद्दल आत आलेला. बायको मागेच वारली होती, घरी लग्नाला आलेली एकुलती एक लेक, चंद्रा. पुनवेला सुभाना सुटणार होता आणि पुनवेनंतर लगेच चंद्राचं लग्न होतं.

एकदा दळता दळता त्याने विचारलं, "म्हाराज, हितं जीव कसा रमवायचा वो? भिंती खायला उठत्यात."

महाराज म्हणाले, "जात्यात मूठ वैरताना म्हण, देवा, ही समोरच्याच्या पोटासाठी. एवढं कर. दिवसाचं मग दिवस बघून घेईल."

सुभाना भोळा! त्याने तसंच सुरू केलं. समोर कुणीही असो, मूठ घालताना पुटपुटायचा. बाकीचे हसायचे. "कुणाला पटवतोयस रं? सायबाची भाकर पायजे व्हय?" रंगरावांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना वेगळीच शंका आली. हा पुटपुटतो म्हणजे नक्की खुणेची भाषा आहे, पळून जायचा बेत शिजतोय!

आणि नेमकी त्याच वेळी जात्याचा गुळगुळीत झालेला दगड टाकी लावून खरबरीत करायची पोलादी छिन्नी नाहीशी झाली. गज कापायला असलं हत्यार पुरेसं होतं. रंगरावांनी सगळ्या कोठड्या उलथ्यापालथ्या केल्या, पण छिन्नी काही मिळाली नाही. तेवढ्यात भाकरीच्या आशेने एकजण म्हणाला, "सुभानाला इचारा सायेब, त्योच पुटपुटत असतो."

रंगरावांनी सुभानाला अंगणात जात्यापुढे एकट्याला बसवलं. "छिन्नी दे, नाहीतर सुटकेचं विसर. वर्षभर इथेच दळशील!"

सुभाना रडायलाच लागला. "सायेब, लेकीच्या अंगाला हळद लागायची हाय वो! आई न्हाई तिला. मी बी नसलो तर पोरीनं कुणाकडं बघायचं?"

"नाटकं पुरे. ओढ जातं!"

रंगरावांनी ज्वारीची मूठ स्वतः वैरली, कारण दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास कुठला! सुभानाने डोळे पुसले, सवयीने "देवा, समोरच्यासाठी" म्हणाला आणि खुंटा ओढला. दोघांचं जातं एकट्याच्या हाताने गरगर फिरलं. आणि वरच्या दगडाच्या, पाळूच्या खालून काय पडावं? पिवळीधमक हळद!

"हळद कुठे लपवली होतीस?" रंगराव ओरडले. त्यांनी पाळू उचलायला लावली, स्वतःच्या उपरण्याने जातं पुसून काढलं आणि नवं पोतं फोडून मूठ घातली. पुन्हा हळदच! साऱ्या अंगणभर वास सुटला. कैदी एकेक करून जवळ आले. कितीतरी काळाने ते एकमेकांना खेटून उभे होते आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

रंगराव महाराजांवर धावून गेले. "ही तुझी करणी! चेटूक करतोस?"

महाराज शांतपणे म्हणाले, "ज्या घरी हळद दळायला बाई उरली नाही, त्या घरची हळद देवाने इथे दळायला घेतली, रंगराव. आणि छिन्नीचं म्हणाल, तर घरी बाईंना विचारा."

"माझ्या बायकोवर संशय घेतोस?"

"मी नाही घेत," महाराज म्हणाले.

रंगराव तणतणत घरी गेले. बाई म्हणाल्या, "अहो, देवघरात गादीखाली नाही का ठेवलीत तुम्ही? म्हणालात, पहारेकरी चोर आहेत, हात लावू नकोस."

"मग आतापर्यंत बोलली का नाहीस?"

"मला कधी काही विचारता का तुम्ही?"

छिन्नी हातात घेऊन रंगराव परत आले तेव्हा त्यांना मान वर करवेना. भर अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले, "माझ्याच घरात होती. सुभाना, तू पुनवेला जाशील."

महाराज म्हणाले, "लग्नाच्या हळदीला पाच सुवासिनींचा हात लागतो. इथे सुवासिनी कुठून आणायच्या? इथल्याच पाचजणांना लावू द्या हात." सुभाना होताच, दोघे कैदी पुढे झाले. चौथा आला तो चहाडी करणारा. खाली मान घालून त्याने खुंट्याला हात लावला आणि सुभानाने सरकून त्याला जागा दिली. महाराज रंगरावांकडे बघत राहिले. "एक हात कमी आहे."

रंगरावांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि जमिनीवर मांडी घातली. हळद दळून झाली तेव्हा त्यांनी ती आपल्या उपरण्यात बांधून सुभानाच्या हातात दिली. "लेकीला सांग, मामाकडची आहे."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने दार उघडलं. "महाराज, आपण मोकळे आहात."

महाराज जात्यापुढे बसले, वाकळ सावरली आणि म्हणाले, "ज्वारी तशीच पडली आहे, रंगराव. माणसांना संध्याकाळी भाकरी नको का? समोर या." रंगरावांनी उघड्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग समोर बसून खुंटा धरला.