हौदा नसलेली गाडी

"पण माई, ह्यात माझं चुकलं काय?"

"चुकलं म्हणून कोण म्हणालं?"

"कोण न्हाई."

"मग भांडतोयस कुणाशी?"

जोतिराम येडगेनं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं.

मठ म्हणजे सड्यावरची, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावरची, एक पत्र्याची खोली आणि पुढं सारवलेलं अंगण. माई तिथं एकट्या राहायच्या. वय झालं होतं, गुडघे धरले होते. तरी आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं चढ चढून त्यांच्याकडं यायची. कुणी काही विचारायला, कुणी नुसतं बसायला. जोतिराम त्यांचा सगळ्यांत जुना शिष्य. निदान तो तसं सांगायचा.

आज तो नवी गाडी घेऊन पहिल्यांदाच वर आला होता. अंगणाच्या कडेला ती उभी होती. लालभडक, रुंद, गुडघ्याच्या वर येतील एवढी तिची चाकं.

"जुनी पिकअप शेवंताला दिली," जोतिराम म्हणाला.

शेवंता शेळके वाड्यावाड्यांतून दूध गोळा करून तालुक्याला पोचवायची. हे माईंना ठाऊक होतं. त्यांचंही दूध तीच द्यायची.

"बरं केलंस," माई म्हणाल्या.

"बरं केलं?"

"बंद पडायला लागली होती का ती?"

"ती?" जोतिराम एकदम ताठ बसला. "ती कधी बंद पडली न्हाई माई. एवढ्या वर्सांत एकदा न्हाई. पावसात न्हाई, चढाला न्हाई. चावी फिरवली की…"

मग त्यानं घाईघाईनं नव्या गाडीचं सांगायला घेतलं. चारी चाकं ओढतात. कमरेएवढ्या पाण्यातनं जाते. दगडधोंड्यांवर पालीसारखी चढते. शर्यतीला उतरवतात त्या असल्याच गाड्या. अख्ख्या तालुक्यात असली दुसरी नाही.

माई कौतुकानं ऐकत होत्या. लहान मूल नवा चेंडू दाखवतं तेव्हा ऐकावं तसं.

"हिला हौदा न्हाई का रं मागं?"

"न्हाई."

"मग माणसं कुठं बसायची?"

"म्होरं दोघं. मागं दोघं, पाय आखडून."

"आणि शेळ्या?"

"माई, ही शेळ्यांची गाडी न्हाई!"

हे जरा मोठ्यानं आलं. जोतिरामनं मान खाली घातली.

माईंनी भिंतीला लावलेली काठी घेतली.

"बसव मला."

"कुठं जायचंय?"

"कुठं न्हाई."

"म्हंजे दवाखान्यात का? का खाली बाजारात?"

"कुठं न्हाई, म्हणलं न्हवं."

जोतिरामनं माईंना उचलूनच सीटवर बसवलं. पट्टा लावून दिला. स्वतः चाकामागं बसला आणि चावी हातात धरून तसाच राहिला.

"काय झालं?"

"कुठं न्हाई म्हणल्यावर… कुणीकडं वळवू?"

माई हसल्या.

खरं तर जोतिरामला हे कधी करावंच लागलं नव्हतं. पिकअप सुरू केली ती नेहमी कुणाच्या तरी कामानं. लग्नाचं वऱ्हाड, खताची पोती, पाय मोडलेली म्हैस, बाळंतीण, तापानं फणफणलेलं पोर. मयत झालेला माणूससुद्धा त्याच हौद्यातून शेवटचा घरी यायचा. आधी हाक यायची, मग गाडी निघायची.

शेवटी त्यानं नुसतीच गाडी सोडली.

सड्यावर गवत पिवळं पडलं होतं. वारा सुटला होता. जोतिराम आधी पायवाटेच्या कडेकडेनं, जपून चालला होता. मग वाट संपली आणि काळा कातळ लागला. गाडीनं नाक वर उचललं, क्षणभर समोर नुसतं आभाळ दिसलं आणि ती अलगद पलीकडं उतरली.

"अगं बाई!" माई म्हणाल्या.

"भ्यालात?"

"अजून एकदा."

त्यानं अजून एकदा केलं. मग पुढचा मोठा कातळ. मग ओढ्याचा उतार, पाण्यातून, दोन्ही बाजूंना पाणी उडवत. माईंचा पदर डोक्यावरून खाली आला. त्यांनी तो सावरला नाही. बोळक्या तोंडानं त्या हसत होत्या, आणि त्यांना हसताना बघून जोतिरामलाही हसू फुटलं. पोटातून आलेलं, खूप दिवसांनी आलेलं हसू. तो ओरडलासुद्धा. कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

सड्याच्या टोकाला त्यानं गाडी थांबवली. पुढं दरी. खाली वाडीची कौलं आणि वळणावळणाची सडक.

दोघं खाली उतरून खडकावर बसले.

माईंनी पदर सावरून डोक्यावर घेतला.

"दमलायस," माई म्हणाल्या.

"एवढ्यानं? छे."

"एवढ्यानं न्हाई."

जोतिराम दरीकडं बघत राहिला. मग हळूहळू बोलायला लागला.

"दारात कुणी आलं की माझ्या पोटात गोळा यायचा, माई. जेवायला बसलो की हाक. घरात पाव्हणं आलं की हाक. कुणाला न्हाई म्हणलो न्हाई कधी. पर आतून… आतून मी त्यांना शिव्या द्यायचो. अडल्यानडल्या माणसांना. पिकअप भरवशाची होती ना. मग मीबी भरवशाचा. म्हणून म्हणलं, असली गाडी घ्यावी की जिच्यात कुणाला काय घालताच येऊ नये."

माई ऐकत होत्या.

"मागल्या महिन्यात सुताराच्या लेकीला कळा सुरू झाल्या. सुतार आला पळत. मी म्हणलं, ह्या गाडीत झोपवायला जागा न्हाई. खोटं न्हाई बोललो. खरंच जागा न्हाई."

"मग?"

"शेवंतानं नेली. पिकअपमधनं. सुखरूप सुटली, मुलगी झाली." जोतिरामनं हातावरची माती झटकली. माती नव्हतीच. "सुतार पेढे द्यायला आला. मलाबी दिला. हसून दिला, माई. त्याच्या मनात काय न्हवतं… तो पेढा मी खाल्लाच न्हाई."

"आता येतं का कुणी दारात?"

"न्हाई. कोण येत न्हाई."

"मग गोळा गेला असंल."

"न्हाई गेला." तो माईंकडं वळला. "आता कुणी येत न्हाई म्हणून येतो."

माईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

खालच्या सडकेवरून एका गाडीचा आवाज आला. जोतिरामनं मान वळवली नाही, पण त्याचे कान उभे राहिले.

"तीच हाय," तो म्हणाला. "शेवंता चढ चढतीया… गिअर बदल. अगं, बदल की… हां. आता बरोबर."

माई त्याच्या चेहऱ्याकडं बघत होत्या.

"माई, परत मागू का ती? ही विकतो."

"शेवंता देईल?"

"न्हाई द्यायची. तिनं म्होरं हार घातलाय तिला. रोज पुसती. मी कधी एवढी पुसली न्हवती."

"मग आडवा हो."

"काय?"

"आडवा हो. इथं."

"आता? असा दिवसाढवळ्या? माणसं काय म्हणतील?"

"कुठली माणसं?"

जोतिरामनं इकडंतिकडं पाहिलं. गवत होतं, वारा होता, लाल गाडी होती. तो संकोचून आडवा झाला. मुंडासं सोडून डोक्याखाली घेतलं. आपल्याला काही झोप यायची नाही, असं तो माईंना सांगणार होता…

जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती. माई होत्या तशाच बसल्या होत्या, काठीवर हनुवटी टेकून. त्याच्या अंगावर एक काळी घोंगडी होती. तिला दुधाचा वास येत होता.

"ही कुणाची?"

"शेवंताची."

"शेवंता? इथं आली होती?"

"आली. बसली. गेली."

जोतिराम उठून बसला. "एवढ्या वर कशाला आली?"

"तुझ्याकडं काम होतं तिचं. वरच्या वस्तीवरचा बाबू कोकरे हाय न्हवं? त्याचं उद्या सकाळी डोळ्याचं ऑपरेशन हाय तालुक्याला. त्याला खाली वाडीत आणायचाय. पिकअप त्या कातळावर चढत न्हाई. झोळीत घालून आणावं तर तो दगडांना घाबरतोय. दिसत न्हाई ना त्याला. म्हणून शेवंता तुला विचारायला आली होती."

"मग उठवायचं न्हाई का मला!"

"का?"

"का म्हंजे? म्हातारा माणूस वर अडकून पडलाय, दोन घटका झाल्या असतील, आणि तुमी मला झोपू दिलं? त्या शेवंताला काय वाटलं असंल? म्हणली असंल, बघा, कसा पसरलाय. माझ्या भरवशावर कुणी थांबलंय आणि मी…"

तो उभा राहिला. पायताण सापडेना. सापडलं तर उलटं घातलं. इतकी वर्षं माईंशी तो असा चढ्या आवाजात कधी बोलला नव्हता. आणि रागाच्या भरात त्याच्या हेही ध्यानात येत नव्हतं, की झोपेतून कुणी उठवलं नाही म्हणून तो आज चिडला होता.

माईंच्या ते ध्यानात आलं होतं. त्या गालात हसत होत्या.

"मी उठवणार होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या खांद्यावर हात घातला होता. शेवंतानं धरला."

जोतिराम थबकला.

"म्हणाली, राहू द्या माई. दिस बुडायच्या आत झालं तर चालतंय. माझ्या पोराला पटकी झाली तेव्हा जोतीदादा सारखा दवाखान्याच्या फेऱ्या मारत होता, दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला न्हवता. तेव्हा त्याला कुणी नीज म्हणलं न्हाई. आता झोपलाय तर झोपू दे."

वारा गवतावरून सरकत गेला…

"असं म्हणाली?"

"घोंगडी घातली अंगावर. पाय उघडे राहत होते, ते झाकले. मग गेली."

जोतिरामनं घोंगडी उचलली. झटकली. तिची नीट घडी केली. घडी मोडली आणि पुन्हा केली. त्याला तोंड माईंकडं करायचं नव्हतं, म्हणून तो दरीकडं तोंड करून ते करत होता.

"बाबूकाका म्होरं बसंल," जोरात नाक ओढून तो म्हणाला. "उशी लावतो पाठीला. मागं त्याची सून बसंल. तो कातळ ही चढंल माई, आरामात चढंल. म्हाताऱ्याला कळायचंबी न्हाई."

"मला आधी मठात सोड."

त्यानं माईंना उचलून गाडीत ठेवलं. येतानाची मस्ती आता नव्हती. दगड बघून, चाक सावकाश टाकून तो चालला होता, आणि मधेच आपोआप काहीतरी गुणगुणत होता.

अंगणात त्यानं त्यांना उतरवलं, काठी हातात दिली, पाया पडला. गाडीत बसला, पण निघेना. काच खाली केली.

"माई."

"आता काय?"

"एकदा बाबूकाकाला आणला ना, की झालं बघा. सगळ्या वरच्या वस्त्यांना कळंल. जिथं पिकअप जात न्हाई तिथं आता जोतीची गाडी जाते. उद्यापासनं दारात पुन्हा हाका. पुन्हा तेच… आणि मला न्हाई म्हणता येत न्हाई. मी काय करू?"

माई जवळ आल्या. खिडकीतून हात घालून त्यांनी त्याच्या केसांत अडकलेली गवताची काडी काढली.

"त्यांना माझ्याकडं धाड," त्या म्हणाल्या. "मी सांगीन, जोती झोपलाय."